समभाग घेण्याआधी धुराचा हिशेब

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. कोळसा, तेल किंवा वायू विकणारी कंपनी शेअर बाजारात पहिल्यांदा उतरते, तेव्हा हवामान बदलाविषयी तिने गुंतवणूकदाराला काय सांगितले पाहिजे आणि ते सांगायला तिला कोणता कायदा भाग पाडतो, असे वाचक विचारत आहेत. लेखापरीक्षणाच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला हा प्रश्न हिशेबाचा वाटतो, म्हणून या अंकातील सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : एका कोळसा कंपनीच्या पहिल्या समभाग विक्रीत अर्ज करावा, असा आग्रह माझा मुलगा धरत आहे. मी तिचे माहितीपत्रक संगणकावर उघडून पाहिले. पाचशेच्या वर पाने आहेत. जोखमींच्या यादीत हवामान बदलावर एकच परिच्छेद सापडला आणि तो कोणत्याही कंपनीला चालेल इतका मोघम आहे. एवढे लिहिल्यावर कंपनीची जबाबदारी संपते का?
— निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : संपत नाही, असे माझे मत आहे, पण त्या मताला कायद्याचा आधार कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही, हे नीट पाहायला हवे. पहिल्या समभाग विक्रीला लागू होणारे मुख्य नियम म्हणजे भांडवल उभारणी आणि माहिती प्रकटनासंबंधीचे सेबीचे, म्हणजे आपल्या शेअर बाजाराच्या नियामकाचे, २०१८ चे विनियम, ज्यांना बाजारात आयसीडीआर म्हणतात. या विनियमांत हवामान बदलासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. कोळसा कंपनी असो वा बिस्किटांचा कारखाना, माहितीपत्रकाचा साचा दोघांनाही एकच आहे. त्या साच्यात ‘जोखीम घटक’ नावाचा विभाग असतो, आणि आपल्याला दिसलेला परिच्छेद त्याच विभागातला असणार.

या विभागाविषयी विनियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे फार कमी गुंतवणूकदारांचे लक्ष जाते. जोखमी महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने मांडाव्यात. ज्या जोखमीचा परिणाम मोठा होऊ शकतो, तिचा संभाव्य आर्थिक परिणाम मोजता येण्याजोगा असेल तर आकड्यांत द्यावा. आणि मोजता येत नसेल, तर ‘हा परिणाम आकड्यांत सांगता येत नाही’ असे वेगळे विधान करावे, असे ती सांगते. आपण वाचलेल्या परिच्छेदाला ही कसोटी लावून पाहा. तो यादीत कितव्या क्रमांकावर आहे? त्यात एखादा आकडा आहे का? नसेल, तर आकडा का नाही, हे तरी कंपनीने लिहिले आहे का? ज्या धंद्याचे सगळे उत्पन्न कोळसा जाळला जाण्यावर अवलंबून आहे, तिथे हवामान धोरणाची जोखीम यादीच्या तळाशी आणि आकड्यांविना सापडावी, हे मला पटत नाही.

दुसरा आधार कंपनी कायद्याचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३४ नुसार माहितीपत्रकातील खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या विधानाबद्दल फौजदारी जबाबदारी येते आणि कलम ३५ नुसार अशा विधानावर विसंबून पैसे गुंतवणाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी येते. महत्त्वाची गोष्ट अशी की, एखादी बाब गाळल्यामुळे वाचणाऱ्याची दिशाभूल होत असेल, तर ती गाळणूकही या तरतुदींच्या कक्षेत येते. मोघमपणा गाळणुकीच्या किती जवळ जातो, हा मात्र वादाचा मुद्दा आहे आणि पुढे लंडनच्या प्रकरणात तोच येणार आहे.

कायद्यात उणीव आहे ती वेळेची. हवामानासंबंधी आकडे देण्याचे जे बंधन आपल्याकडे आहे, ते कंपनी बाजारात सूचिबद्ध झाल्यानंतरचे आहे. सेबीने मे २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा, म्हणजे बीआरएसआरचा, नमुना आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यात हरितगृह वायूंचे उत्सर्जन टनांत द्यावे लागते. पुढे २०२३ मध्ये त्यातील निवडक आकड्यांची त्रयस्थ तपासणी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले : आधी १५० कंपन्या आणि २०२६-२७ पर्यंत सर्व १,०००. पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण पहिल्या विक्रीत समभाग घेणाऱ्याच्या हाती हा अहवाल पडतो तोवर त्याचे पैसे देऊन झालेले असतात. बैल विकत घेऊन दावणीला बांधल्यावर त्याचे दात पाहावेत, तशी ही रीत आहे.

आता माहितीपत्रकात नेमके कोणते आकडे असायला हवेत, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण ‘जोखीम आकड्यांत कशी सांगणार?’ असा प्रतिप्रश्न कंपन्या नेहमी करतात. प्रत्येक कोळसा खाणीला खाण बंद करण्याची योजना करावी लागते : खड्डे भरणे, माती पसरणे, झाडे लावणे, पाण्याची व्यवस्था करणे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसेही ठेवावे लागतात. समजा, या कामाला १०० कोटी रुपये लागणार आहेत आणि खाण ३० वर्षांनी बंद होणार आहे. दर साल ८ टक्के व्याजदर धरला, तर ३० वर्षांनंतरच्या १०० कोटींचे आजचे मूल्य साधारण १० कोटी होते आणि तेवढीच देणी ताळेबंदात दिसतात. मागणी घटल्यामुळे किंवा सरकारी धोरणामुळे तीच खाण १५ वर्षांनी बंद करावी लागली, तर आजचे मूल्य साडेएकतीस कोटींच्या घरात जाते. एक वाक्य बदलले, ‘३०’ च्या जागी ‘१५’ आले, आणि देणी तिपटीहून अधिक झाली. खाणीचे आयुष्य किती धरले आहे, कोणत्या आधारावर धरले आहे आणि ते कमी झाले तर ताळेबंदावर काय परिणाम होईल, एवढी तीन उत्तरे कोणतीही खाण कंपनी सहज देऊ शकते, कारण तिच्या लेखापालांनी ती आधीच काढलेली असतात.

तेल कंपन्यांबाबत खाणीच्या आयुष्याची जागा तेलाचा गृहीत भाव घेतो. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीने २०५० पर्यंतच्या काळासाठी ब्रेंट या भावासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाचा सरासरी भाव बॅरलला ५५ डॉलर धरायचे ठरवले, आणि त्यामुळे आपल्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य १३ ते १७.५ अब्ज डॉलरांनी कमी करावे लागेल, असे जाहीर केले. समुद्राखालचे तेल जिथल्या तिथेच होते. फक्त भविष्याविषयीचे गृहीतक बदलले होते. असे गृहीतक समभाग विकताना पत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. विक्रीतून येणारा पैसा कंपनीकडे जाणार आहे की जुन्या मालकाकडे? ऑक्टोबर २०१० मध्ये कोल इंडियाचे समभाग २४५ रुपयांना विकले गेले आणि सुमारे १५ हजार कोटी रुपये उभे राहिले, ते सरकारने आपला हिस्सा विकल्याचे होते. त्यात गैर काही नाही. मात्र अशा विक्रीत जुना मालक आपल्या जोखमीचा एक भाग नव्या भागधारकाच्या हाती देत असतो, तेव्हा ती जोखीम किती आहे, हे सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

प्रश्न : आमची छोटी फाउंड्री आहे आणि क्युपोला भट्टीत आम्ही कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेले इंधन, वापरतो. आमचे मोठे ग्राहक आता आमच्याकडे कार्बनचे आकडे मागतात. उलट कोळसा कंपन्या म्हणतात की, आम्ही फक्त खणतो, जाळणारे दुसरेच. आमच्या भट्टीचा धूर त्यांच्या नावावर मांडणे हा दुहेरी हिशेब नाही का?
— लघुउद्योजक, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न आपण विचारला आहे. उत्सर्जनाची मोजणी जगभर तीन कक्षांत होते, त्यांना स्कोप १, २ आणि ३ म्हणतात. आपल्या भट्टीतून निघणारा वायू आपला स्कोप १. आपण घेतलेल्या विजेसाठी वीज केंद्रात जो कोळसा जळला, तो आपला स्कोप २. आणि आपल्या मालाच्या मागेपुढे, पुरवठादारापासून शेवटच्या ग्राहकापर्यंत, जे उत्सर्जन होते ते स्कोप ३. आपण जो कोक जाळता, त्याचा वायू आपल्या खाती स्कोप १ मध्ये आणि कोळसा विकणाऱ्या कंपनीच्या खाती स्कोप ३ मध्ये येतो.

देशाच्या एकूण उत्सर्जनाची बेरीज करायची असेल, तर हे दोन्ही आकडे एकत्र मिळवणे चूक आहे आणि तसे कोणी करतही नाही. गुंतवणूकदाराला मात्र बेरीज करायची नसते. कंपनीचे उत्पन्न कशावर उभे आहे, हे त्याला पाहायचे असते. शाहूपुरीतल्या एखाद्या गूळ अडत्याचा ऐंशी टक्के माल एकाच बाजारपेठेत जात असेल, तर त्याला कर्ज देणारी बँक त्या बाजारपेठेची चौकशी करतेच. तो माल तिथल्या व्यापाऱ्याच्या वहीतही नोंदला आहे, म्हणून ही चौकशी दुहेरी ठरत नाही. कोळसा कंपनीचा स्कोप ३ चा आकडा तिचे अवलंबन असे दाखवतो.

आकड्यांचा आवाका पाहा. कार्बन जळतो तेव्हा हवेतला प्राणवायू त्याला जोडला जातो, म्हणून १२ किलो कार्बनापासून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोक बहुतांशी कार्बनच असल्याने एक टन कोक जाळला की सुमारे ३ टन वायू निघतो. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो, आणि घरच्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. आता विकणाऱ्याकडे पाहू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये तेल आणि वायू जमिनीतून काढून, शुद्ध करून ग्राहकापर्यंत पोहोचवण्यात जगातल्या ऊर्जेशी निगडित हरितगृह वायूंपैकी जवळपास १५ टक्के वायू बाहेर पडला. हा भागच काही लहान नाही. पण तेच तेल आणि तोच वायू जाळल्यावर जे निघते, ते याहून बरेच अधिक असते. म्हणून तेल कंपनीने फक्त स्कोप १ आणि २ सांगितले, तर मोठा भाग पडद्याआडच राहतो.

आपल्या बीआरएसआरमध्ये नेमके हेच होते. स्कोप १ आणि २ हे त्यात आवश्यक निर्देशक आहेत, तर स्कोप ३ ऐच्छिक आहे. औषधे किंवा संगणक सेवा देणाऱ्या कंपनीपुरती ही सवलत समजण्यासारखी आहे, कारण तिला शेकडो पुरवठादारांचे आकडे गोळा करावे लागतात आणि ते अवघड असते. कोळसा कंपनीला ती अडचण नाही. वर्षात किती टन कोणत्या प्रतीचा कोळसा विकला, हे तिला चोख माहीत असते. त्याला ठरलेल्या गुणकाने गुणले की काम झाले. शिरोलीतल्या लहान कारखानदाराने ग्राहकाला कार्बनचा तक्ता भरून द्यायचा आणि त्याला इंधन पुरवणाऱ्या अवाढव्य कंपनीने एक गुणाकार टाळायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. जीवाश्म इंधन विकणाऱ्या कंपन्यांपुरता स्कोप ३ सक्तीचा करावा आणि तो समभाग विक्रीच्या माहितीपत्रकापासूनच लागू करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : लंडनमध्ये एका तेल कंपनीच्या माहितीपत्रकावरून न्यायालयात वाद झाला, असे वाचनात आले. त्याचा निकाल काय लागला आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल?
— विधी शाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ते प्रकरण इथाका एनर्जी या उत्तर समुद्रातील तेल-वायू कंपनीचे. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात दाखल झाली. तिच्या माहितीपत्रकाला तिथल्या वित्तीय नियामकाने, म्हणजे एफसीएने, मंजुरी दिली होती. क्लायंटअर्थ या पर्यावरण कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेने या मंजुरीलाच आव्हान दिले. संस्थेचे म्हणणे असे होते की, पत्रकात हवामानाच्या जोखमींचा उल्लेख आहे, पण तो सर्वसाधारण आहे. या विशिष्ट कंपनीच्या बाबतीत ती जोखीम किती गंभीर आहे आणि तिचा धंदा तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराच्या उद्दिष्टांशी कसा जुळतो, हे गुंतवणूकदाराला कळत नाही. तिथल्या नियमांनुसार जोखीम घटक त्या कंपनीपुरते विशिष्ट असावे लागतात, म्हणून हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या आव्हानाला पुढे जाण्याची परवानगी नाकारली. माहितीपत्रकातील तपशील पुरेसा आहे की नाही, हे ठरवणे नियामकाच्या तज्ज्ञ निर्णयाचा भाग आहे आणि त्यात न्यायालयाने हस्तक्षेप करावा असे कारण इथे दिसत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. विद्यार्थी म्हणून आपण एक भेद ध्यानात ठेवावा. हवामानाची जोखीम सांगण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. किती सांगितले म्हणजे पुरे, हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न त्याने नियामकाच्या बाजूने सोडवला.

माझ्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ असा की, ‘महत्त्वाची जोखीम सांगा’ एवढ्या सर्वसाधारण शब्दांवर सगळी भिस्त ठेवली, तर मोघम परिच्छेदही चालून जातो आणि तक्रार करणाऱ्याला न्यायालयाच्या दारातून परत यावे लागते. ब्रिटनमध्ये हवामानविषयक प्रकटनाचा नियम आहे : १ जानेवारी २०२१ पासून सुरू होणाऱ्या हिशेब वर्षांसाठी प्रीमियम वर्गातील सूचिबद्ध कंपन्यांनी ‘पाळा किंवा कारण सांगा’ या तत्त्वावर माहिती द्यायची, असे ठरले आणि पुढच्या वर्षी त्याची व्याप्ती वाढवली गेली. पण तोही वार्षिक अहवालाचा नियम आहे, म्हणजे बाजारात दाखल झाल्यानंतरचा. इथाकाच्या वेळी तिथेही उणीव आपल्यासारखीच होती.

याच ब्रिटनमध्ये एक वेगळ्या कायद्याखालचा निकाल मात्र उलट दिशेने गेला. सरे परगण्यातील तेलविहिरींच्या परवानगीबाबत जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करताना त्या तेलाच्या ज्वलनातून होणारे उत्सर्जनही विचारात घ्यावे लागेल; तेल दुसरीकडे जाळले जाणार, हे कारण पुरेसे नाही. हा निकाल शेअर बाजाराला लागू होत नाही. तरीही शिरोलीच्या उद्योजकांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने कसे पाहिले, हे वाचण्यासारखे आहे. अभ्यास करायचा असेल, तर हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

प्रश्न : अमेरिकेने असे नियम गुंडाळले आहेत, मग भारताने आपल्या कंपन्यांवर ओझे का लादावे?
— शेअर दलाल, लक्ष्मीपुरी

उत्तर : अमेरिकेच्या बाजार नियामकाने मार्च २०२४ मध्ये हवामान प्रकटनाचे नियम मंजूर केले होते. त्यातून स्कोप ३ आधीच वगळले होते. न्यायालयात आव्हाने आल्यावर नियामकाने स्वतःच त्यांना स्थगिती दिली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयात त्यांचा बचाव करणे थांबवले. ही वस्तुस्थिती आहे. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने जून २०२३ मध्ये दिलेले आयएफआरएस एस-२ हे हवामान प्रकटनाचे मानक अनेक देश आपापल्या परीने स्वीकारत आहेत आणि त्यात स्कोप ३ चा समावेश आहे. आपण कोणाचे अनुकरण करावे, यापेक्षा आपल्या गुंतवणूकदाराला काय लागते, हे पाहणे मला अधिक योग्य वाटते. भारतात २०२४-२५ मध्ये कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले; म्हणजे आज मागणी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढाच शोषला जाईल असे, उद्दिष्ट आपण २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले आहे. आज काढलेली खाण या दोन सत्यांच्या मध्ये कुठे बसते, हे सांगण्याला मी ओझे म्हणणार नाही. सौदी अरामकोने डिसेंबर २०१९ मध्ये २५.६ अब्ज डॉलरची समभाग विक्री केली, तेव्हा हवामानविषयक चिंतेमुळे तेलाची जागतिक मागणी घटू शकते, ही जोखीम तिच्या माहितीपत्रकात लिहिलेली होती. तेवढ्याने विक्री अडली नाही.

प्रश्न : कंपनी ‘२०५० पर्यंत निव्वळ शून्य’ असे म्हणते आणि लाखो झाडे लावल्याचे फोटो देते. आमच्या बचत गटातील काहीजणींना त्यामुळे विश्वास वाटतो. तो ठेवावा का?
— बचत गटाच्या सचिव, कागल

उत्तर : ताई, दोन गोष्टी पाहा. पहिली, ते उद्दिष्ट कोणत्या कक्षेचे आहे? बहुतेक वेळा ते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजापुरते, म्हणजे स्कोप १ आणि २ पुरते असते. विकलेला कोळसा त्यात धरलेला नसतो. दुसरी, घट एकूण टनांत आहे की प्रति टन उत्पादनामागे? प्रति टन उत्सर्जन दहा टक्क्यांनी घटले आणि उत्पादन तीस टक्क्यांनी वाढले, तर एकूण उत्सर्जन वाढलेलेच असते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फोटोत मिळत नाहीत, तक्त्यात मिळतात. झाडे लावणे चांगलेच काम आहे, परंतु समभागाची किंमत ठरवताना त्याचा उपयोग फारसा होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एकही शेअर नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमचा ऊस आठवडाभर पाण्याखाली होता. मुंबईच्या शेअर बाजारातल्या कागदपत्रांशी माझा काय संबंध, आणि असलाच तर मी काय करू शकतो?
— ऊस उत्पादक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, आपले पत्र मी दोनदा वाचले. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे; त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, हे जिल्ह्यातला कोणीही विसरलेला नाही. एखादा विशिष्ट पूर फक्त हवामान बदलामुळे आला, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. पूररेषेतील बांधकामे, भराव आणि धरणांतून सोडलेले पाणी यांचाही त्यात वाटा असतो. पण हवा तापली की ती अधिक बाष्प धरते आणि थोड्या वेळात अतिशय मोठा पाऊस पडण्याचे प्रमाण वाढते, हे विज्ञान पक्के आहे. हे नुकसान कोणाच्याच ताळेबंदात नोंदले जात नाही. ते आपल्या पीककर्जाच्या खात्यात दिसते.

आता संबंधाविषयी. आपल्याकडे शेअर नसला, तरी घरात कोणाची आयुर्विमा पॉलिसी असेल किंवा मुलगा कारखान्यात नोकरीला असून त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल. आयुर्विमा महामंडळ कोल इंडियाचे मोठे भागधारक आहे. भविष्यनिर्वाह निधी संघटना २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा काही भाग निर्देशांकावर आधारित फंडांत गुंतवते, आणि निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ५० कंपन्यांत कोल इंडिया व ओएनजीसी दोन्ही आहेत. म्हणजे कोळशाची आणि तेलाची जोखीम आपल्या घरात आधीच आलेली आहे, आपल्या सहीशिवाय आलेली आहे. म्हणून त्या कंपन्या काय सांगतात, हे विचारण्याचा आपला हक्क मुंबईतल्या गुंतवणूकदाराइतकाच आहे.

काय करता येईल, तेही सांगतो. कंपनी समभाग विक्रीचा मसुदा सेबीकडे दाखल करते, तेव्हा तो किमान २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. सेबी, शेअर बाजार आणि विक्रीचे व्यवस्थापन करणारे मर्चंट बँकर यांच्या संकेतस्थळांवर तो मिळतो. सूचना पाठवण्यासाठी शेअर असण्याची किंवा अर्ज करण्याची अट नाही. मसुदा दाखल झाल्याची जाहिरात एका इंग्रजी, एका हिंदी आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतील एका वृत्तपत्रात द्यावी लागते. कंपनी नागपूरची असेल, तर ती मराठीत वाचायला मिळेल. कोलकात्याची असेल, तर मराठीत मिळणार नाही, म्हणून सेबीच्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेवावी लागेल; गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला हे काम सांगता येईल.

पत्र लांबलचक नको. मसुद्यातील ज्या पानावर हवामानाची जोखीम आहे, त्या पानाचा क्रमांक द्या आणि तीन गोष्टी विचारा : या जोखमीचा आर्थिक परिणाम आकड्यांत का दिलेला नाही, आणि देता येत नसेल तर तसे विधान कुठे आहे, खाणीचे किंवा विहिरीचे आयुष्य किती वर्षे धरले आहे, आणि विकलेल्या इंधनातून होणारे एकूण उत्सर्जन किती. आलेल्या सूचना आणि त्यामुळे मसुद्यात करायचे बदल यांची माहिती मर्चंट बँकरला सेबीकडे द्यावी लागते, त्यामुळे आपले पत्र वाचले जाण्याची सोय नियमातच आहे. पत्राचा मसुदा करून हवा असेल, तर या सदराच्या पत्त्यावर कळवा. मी स्वतः करून देईन.